बंडगर सरांच्या गाडीचं ॲव्हरेज

माझ्या मुलीच्या लग्नात नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी कार्यालयाच्या दारात आली. करवल्या आरतीचं ताट घेऊन पुढं झाल्या, बँडवाल्यांनी जोर केला, आणि या सगळ्यांच्या आधी बंडगर सर गाडीच्या खिडकीशी पोचले. मला वाटलं, जावईबापूंचं स्वागत करतायत. सर आत वाकले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "ॲव्हरेज किती देते?" ड्रायव्हर म्हणाला, बावीस. सर मागं वळून मला म्हणाले, "खोटं बोलतोय मॅडम. सोळाच्या वर जात नसणार." नवरदेव बिचारा फेट्यासकट दोघांकडं बघत राहिला.

बंडगर सर आमच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. घरंही जुळे सोलापुरात एकाच गल्लीत, त्यामुळं शाळेत जाता-येता मी त्यांच्याच गाडीत असायची. सर मूळचे सांगोल्याकडचे. वर्गात एकदम पुस्तकी मराठी बोलायचे, पण गाडीचा विषय निघाला की गाव जिभेवर यायचं. बाकीच्या शिक्षकांच्या खिशात पेन असतो, सरांच्या खिशात टायरची हवा मोजायचं मीटर असायचं. एकदा हजेरीपटावर सही करायला त्यांनी तेच काढलं होतं आणि शाई उतरत नाही म्हणून झटकत बसले होते.

त्यांचं एक ठाम मत होतं. "मॅडम, माणूस एकवेळ वयाचं खरं सांगंल, पण ॲव्हरेजचं न्हाय सांगणार. विचारा कुणालाबी. ज्याची अकरा देती, तो पंधरा म्हणतो. ज्याची पंधरा देती, तो वीस." आणि स्वतः सर? स्वतःच्या गाडीचं ॲव्हरेज त्यांनी कधी पाव किलोमीटरनंही वाढवून सांगितलं नाही. स्टाफरूममध्ये कुणी सहज विचारलं तरी सर क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "अकरा पूर्णांक चार." ऐकणाऱ्याला उगाच कुणी गेल्यासारखं वाटायचं.

आता ही गाडी म्हणजे काय, तर सेकंड हॅण्ड, पांढरी, लहानशी, पेट्रोलवर चालणारी. विकणाऱ्या एजंटानं सांगितलं होतं, "सर, एका हातची आहे, डॉक्टरची गाडी. डॉक्टर अठरा काढायचे." डॉक्टरची गाडी म्हटलं की आपली माणसं का विरघळतात, मला कधी कळलं नाही. डॉक्टर काय गाडीला रोज टॉनिक पाजतो? पण सर विरघळले. गाडी घरी आली, तिच्या चाकांखाली लिंबं चिरडली, सरांच्या पत्नी शालिनीवहिनींनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, आणि पहिली टाकी संपली तेव्हा ॲव्हरेज निघालं अकरा.

सरांना गाडी मिरवायला नको होती. त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते. एसटीची पायरी चढताना ते दांडी धरून असे काही थांबायचे की मागची माणसं ओरडायची. आणि दर रविवारी त्यांना गावाला जायचंच असायचं, कारण तिथं त्यांची आक्का होती. आई लहानपणीच वारली. या थोरल्या बहिणीनंच त्यांना वाढवलं, शिकवलं. नवरा गेल्यावर ती माहेरच्या शेतात एकटीच राहायची, मेंढरं राखायची. सोलापूरला चल म्हटलं तर म्हणायची, "आन् मेंढरं कुटं बांदू, तुज्या गॅलरीत?" एसटीचा थांबा तिच्या वस्तीपासून लांब, मधली वाट खडकाळ. म्हणजे गाडी असली तर आक्का भेटणार, नसली तर नाही, इतका साधा हिशेब होता.

पण पुण्याला नोकरीत असलेल्या अजितला, त्यांच्या मुलाला, ती गाडी पटत नव्हती. घरातले मोठे निर्णय आताशा तोच घ्यायचा. गाडी नुसती पेट्रोल पिते, म्हणजे इंजिनच संपलंय, आणि असल्या गाडीतून पप्पांनी त्या आडरस्त्याला एकट्यानं जायचं नाही, असं त्याचं म्हणणं. गणपतीत आला तेव्हा त्यानं निकाल दिला, "दिवाळीपर्यंत पंधराच्या वर आली तर ठेवा. नाही तर काढून टाकायची." सरांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले.

त्या दोन महिन्यांत आमच्या गल्लीनं जे पाहिलं, ते दवाखान्यातही बघायला मिळत नाही. सर सकाळी गाडीच्या भोवती फिरायचे, वाकायचे, हुंगायचे. पेट्रोल कुठं गळतंय का म्हणून रात्रभर खाली जुना पुठ्ठा ठेवायचे आणि पहाटे तो उन्हाकडं धरून बघायचे. टायरमध्ये हवा कमी असली की गाडी ओढत चालते, म्हणून रोज हवा. शाळेत पोचल्यावर सगळी पोरं आत जायची आणि सर चारही चाकांना हात लावून बघत बसायचे. एखाद्या चाकाचा ब्रेक चिकटत असेल तर ते चाक जास्त तापतं, असं त्यांचं म्हणणं. एके दिवशी मागचं डावं चाक खरोखरच तापलेलं निघालं आणि सरांची चार बोटं पोळली. पण चेहऱ्यावर आनंद असा की पोरांना वाटलं, सरांना बक्षीस लागलं. हाताला बरनॉल फासून ते तसेच होटगी रोडला रफीकभाईच्या गॅरेजला गेले.

रफीकभाई चांगला कारागीर, पण सरांपुढं त्याचंही काही चालेना. त्यानं चिकटलेला ब्रेक सोडवला, एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले. गाडी तेरावर आली आणि तेरावरच बसली. सर पुन्हा दारात हजर. रफीकभाई हात पुसत म्हणाला, "सर, प्लग बदल्या, फिल्टर बदल्या. अब मेरेकूच बदलना रह गया." मग त्यानं सरांच्या डिकीतल्या कॅनमधून पाणी घेऊन हात धुतले, उरलेलं प्यायला, आणि "पानी अच्छा है सर तुम्हारा," म्हणाला.

ऑक्टोबर महिना होता. सोलापूरचा ऑक्टोबर म्हणजे मे महिन्याचा सख्खा भाऊ. एसीनं पेट्रोल जातं म्हणून सरांनी एसी बंद केला. ते मला चाललं असतं, खिडक्या असतात की. पण मग त्यांनी कुठंतरी वाचलं की गाडी वेगात असताना खिडक्या उघड्या असल्या तर आत वारा भरतो आणि गाडीला मागं ओढतो. झालं. एसी बंद, खिडक्या बंद. मी आणि वहिनी मागं बसून शिजायचो. वहिनी म्हणाल्या, "मॅडम, आपल्याला उतरवताना ताटलीत घ्यावं लागणार." सर आरशातून बघून म्हणाले, "बोलू नका. बोलल्यानं अजून गरम होतंय."

मग आला वजनाचा दिवस. गाडी जितकी हलकी, तितकं ॲव्हरेज जास्त, हे सरांना एका रविवारी सकाळी एकदम पटलं. त्यांनी गाडीतून जॅक काढला, पाना काढला, पायपुसणी काढली, छत्री काढली. देवाची फ्रेम काढून हातात तोलून बघितली आणि नमस्कार करून परत ठेवली. मग आमच्याकडं वळले. "मॅडम, राग मानू नका, पण तुमचं वजन किती?"

मी म्हटलं, "सर, माणसं खोटं बोलतात असं तुम्हीच म्हणता ना? मग विचारूच नका."

त्यांनी माझ्याकडं बघून मनातल्या मनात एक आकडा धरला. तो कमी नव्हता, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. वहिनींना त्यांनी विचारलंच नाही. वहिनी आपणहून खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "मी ऱ्हाते घरी. आक्काला सांगा, ॲव्हरेजसाठी भावजय काढून ठेवलीय." मला मात्र सरांनी ठेवलं, कारण पेट्रोल भरताना आणि मीटर बघताना एक तटस्थ साक्षीदार पाहिजे होता. तसं अजितनंच सांगितलं होतं.

एवढं सगळं काढलं. पण डिकीतल्या पाण्याच्या चार भरलेल्या कॅनना सरांनी हात लावला नाही. पाचवा मागच्या सीटखाली पायापाशी असायचा. मी रोज त्याच्यावर पाय ठेवून बसायची, आणि मलाही काही सुचलं नाही. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटणार नाही. पण आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरायचं, वाटीसुद्धा. भरलेला कॅन कुठंही असला, खोलीत, जिन्यात, गाडीत, तरी तो आमच्या डोळ्यांना खुपत नाही. रिकामा दिसला तर खुपतो. आणि सर तर दुष्काळी सांगोल्याचे.

तर त्या रविवारी आम्ही दोघंच निघालो. मंगळवेढा मागं पडलं आणि सर थांबायला लागले. रस्त्याच्या कडेला एक मेंढपाळ दिसला, थांबले. "पाणी पायजे का?" पुढं एक म्हातारी शेळ्या घेऊन उभी, थांबले. एका लिंबाच्या रोपट्याशीही थांबले आणि त्याला तांब्याभर घातलं. प्रत्येक वेळी गाडी चालूच. बंद केली आणि पुन्हा सुरू नाही झाली तर काय, अशी त्यांना धास्ती. मी म्हटलं, "सर, हे थांबणं ॲव्हरेजमध्ये धरता का?" सर म्हणाले, "हे कुटं थांबणं हाय मॅडम? पाणी देतोय नुसतं."

आक्काच्या वस्तीवर पोचलो. बाई उंच, वाळकी, डोक्यावर पदर, आवाज खणखणीत. भावाकडं बघायच्या आधी ती डिकीपाशी गेली. "आणलंस व्हय पाणी. लई बरं झालं बाबा." सर खूश. पोरासारखे खूश, पन्नाशी उलटलेला माणूस. ते मेंढरं बघायला गोठ्याकडं गेले आणि मी घराच्या मागं हात धुवायला गेले, तर समोर डाळिंबाची हिरवीगार बाग आणि विहीर काठोकाठ. आक्का सरांचा एक-एक कॅन डाळिंबाच्या बुंध्याशी ओतत होती, आणि विहिरीच्या मोटारीचं पाणी त्यात परत भरत होती.

मी बघतच राहिले. आक्का जराही दचकली नाही. म्हणाली, "कॅनॉलचं पाणी आल्यापासनं हिरीला ढीग पाणी हाय, बाई. त्याच्याच नळाला न्हाय. पर तो आणतो तर न्हाय कसं म्हणू? आन् भावाचं भांडं रिकामं कसं धाडू? त्याला सांगू नगा."

परतताना मंगळवेढ्याच्या अलीकडं सरच म्हणाले, "बघितलंत ना विहीर? मला ठाऊक हाय सगळं. ती वततीया आन् भरून देतीया." मग गिअर बदलत म्हणाले, "मॅडम, दुष्काळात ती दोन घागरी घेऊन टँकरच्या मागं पळायची. आणलेलं पाणी आधी मला प्यायला द्यायची, मग सैपाकाला. मी म्हणायचो, आक्का, मी मोठा झालो की तुला घरपोच पाणी आणून दीन. आता ती म्हातारी झाली आन् तिच्या दारात पाणी आलं. मग मी करायचं काय? तिला सांगू नका." म्हणजे दोघांनाही सगळं माहीत होतं आणि पाणी मात्र दर रविवारी सोलापूर-सांगोला-सोलापूर असं फिरून येत होतं. मला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. मी खिडकी खाली केली. सर म्हणाले, "खिडकी, मॅडम."

त्या दिवशी ॲव्हरेज तेराच आलं.

दिवाळीची सुट्टी लागायच्या दोन दिवस आधीची गोष्ट. माझा वर्ग आणि सरांचा वर्ग शेजारीशेजारी. मी समास शिकवत होते आणि भिंतीपलीकडून सरांचा घनतेचा तास ऐकू येत होता. गेली वीसेक वर्षं तोच तास, त्याच वाक्यांत. "एक लिटर पाण्याचं वस्तुमान एक किलोग्रॅम. म्हणजे वीस लिटरच्या कॅनमधल्या पाण्याचं वस्तुमान..." आणि आवाज थांबला. मला वाटलं, चक्कर आली की काय. तेवढ्यात सर माझ्या वर्गाच्या दारात उभे, हातात खडू, तोंडावर सगळा पांढरा भुगा.

"मॅडम. पाच कॅन."

"कसले?"

"शंभर किलो, मॅडम. शंभर किलो घेऊन फिरतोय आपण." त्यांचा आवाज फारच बारीक झाला होता. "आन् मी जॅक काढला. छत्री काढली."

पूर्ण वर्ग आमच्याकडं बघत होता. माझे पाय इतके दिवस कशावर होते, ते मला तेव्हा उमगलं. मी एवढंच म्हटलं, "बसा सर, पाणी आणू का?" आणि ते म्हणताच मलाच जीभ चावावीशी वाटली.

अजित भाऊबीजेच्या आदल्या दिवशी आला. वहिनी त्यांच्या भावाकडं जाणार होत्या, माझा भाऊ संध्याकाळी येणार होता, त्यामुळं साक्षीदार म्हणून मी होतेच. भाऊबीजेच्या सकाळी सरांनी पाचही कॅन काढून ओट्यावर ओळीनं ठेवले. गाडीकडं आणि कॅनकडं आळीपाळीनं बघत थोडा वेळ उभे राहिले. "एकाच खेपेचा तर प्रश्न हाय," ते म्हणाले. कुणाला म्हणाले, कुणास ठाऊक. आक्काचं लुगडं आणि फराळाचा डबा मात्र घेतला. टाकी फुल केली, मीटर बघितलं आणि निघालो. वाटेत मेंढपाळ दिसले, सर थांबले नाहीत. द्यायला पाणीच नव्हतं. नुसता हॉर्न वाजवला आणि माफी मागितल्यासारखा हात वर केला.

सांगोल्याच्या पंपावर पुन्हा टाकी फुल केली. अजितनं मोबाइलवर भागाकार केला, पुन्हा केला, आणि माझ्याकडं बघितलं. पंधरा पूर्णांक सहा. "ठेवा पप्पा गाडी," तो म्हणाला, आणि खरंच मनापासून म्हणाला. सरांनी बॉनेटवर नुसता हात फिरवला. मी हसून अभिनंदन केलं तर म्हणाले, "चला, उशीर होतोय."

वस्तीवर आक्का दारात रांगोळी काढून, पाट मांडून वाटच बघत होती. नेहमीसारखी आधी डिकीपाशी गेली. झाकण उघडलं. आत लुगड्याची पिशवी आणि फराळाचा डबा. तिनं पिशवी बाजूला करून मागं बघितलं, मग सीटच्या खाली वाकून बघितलं. उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"लुगडं हाय," ती म्हणाली. "पाणी कुटं हाय? माजं काय चुकलं का रं?"

सर तिथंच उभे. अजितला वाटलं, आपण समजावून सांगावं. इंजिनिअर तो. "आत्या, अगं तसं नाही. शंभर किलो वजन होतं पाण्याचं. त्यानं गाडीचं ॲव्हरेज पडत होतं."

आक्कानं त्याच्याकडं बघितलं. सगळं तरुणपण जिनं डोक्यावर घागरी वाहिल्या, ती बाई अगदी मनापासून नवल करत म्हणाली, "पाण्याचं कसलं रं वजन?"

अजित काही बोलणार, तेवढ्यात सर म्हणाले, "न्हाय आक्का. पाण्याला वजन नसतंय. हा चुकला." जो माणूस दरवर्षी फळ्यावर तेच वाक्य लिहायचा, तो हे बोलला. आणि मग बहिणीच्या पुढ्यात पाटावर बसला, तेव्हा डोळे पुसायला त्याला रुमाल सापडेना. मी माझा दिला. ओवाळताना आक्काच्या तोंडावर परत हसू आलं होतं.

निघताना तिनं कॅन नाहीत म्हणून स्वतःची पितळी घागर विहिरीवर भरून आणली. झाकण नव्हतं. अजितनं मुकाट्यानं ती घेतली आणि पार सोलापूरपर्यंत मांडीवर धरून बसला. प्रत्येक खड्ड्याला त्याची पँट भिजत होती. त्यानं मीटरकडं एकदाही बघितलं नाही, आणि सरांनी सगळ्या खिडक्या खाली केल्या होत्या. पुढच्या रविवारी कॅन परत डिकीत गेले. पुण्याहून फोनवर त्या गाडीची चौकशी नंतर कधी झाली नाही.

सर निवृत्त झाले आणि वहिनींना घेऊन गावीच राहायला गेले. माझी त्यांची शेवटची भेट मंगळवेढा रोडच्या पेट्रोल पंपावरची. ते घरातलं शेवटचं सामान घेऊन निघाले होते, मी मागं स्कूटीवर रांगेत होते, त्यांना दिसले नव्हते. शेजारी एक झकपक नवी गाडी उभी होती. तिच्यातल्या माणसानं सरांच्या गाडीकडं बघून विचारलं, "काय सर, जुनी गाडी. ॲव्हरेज देते का काही?"

मी कान टवकारले. सरांनी डोळे मिटले नाहीत, विचार केला नाही.

"अठरा," ते म्हणाले.

मग त्यांची नजर मागं आली आणि मी दिसले. मी नुसत्या भुवया वर केल्या. सर जरासुद्धा ओशाळले नाहीत. खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "डॉक्टरची गाडी हाय मॅडम." आणि निघाले. डिकी नेहमीसारखी भरलेली, मागची बाजू दबलेली. पंपाच्या बाहेरच्या स्पीडब्रेकरवर गाडीचा मागचा भाग रस्त्याला घासला आणि आत कॅनमधलं पाणी डचमळलेलं मला इथपर्यंत ऐकू आलं.